ही तारीख कुणी ठरवली?

२०२१ च्या डिसेंबरात जळकोटला आम्ही महिला ग्रामपंचायत सदस्यांचं दोन दिवसांचं शिबिर घेतलं. भिंतीवर कापडी फलक होता, 'नेतृत्वविकास आणि निर्णयप्रक्रिया'. मी आदल्या रात्री जागून तक्ता काढला होता. निर्णयाच्या पाच पायऱ्या: प्रश्न नीट समजून घेणं, पर्याय शोधणं, प्रत्येक पर्यायाचे परिणाम तपासणं, निवड करणं आणि नंतर फेरविचार. रंगीत खडूंनी बाणही काढले होते. यादीत ३२ नावं होती. आल्या ११ जणी.

पहिली पायरी सांगून होत नाही तोच मागच्या रांगेतल्या एका सरपंचबाईंनी हात वर केला. "ताई, एक विचारू का? या शिबिराची तारीख कुणी ठरवली?"

मी म्हटलं, "आम्ही. म्हणजे संस्थेनं."

"टोळ्या गेल्यावर शिबिर घेऊलालाव तुम्ही. बाया कारखान्यावर, अन् तुम्ही शिकवणार कुणाला?"

अकराही जणी हसल्या. मीही हसले, पण माझे कान तापले होते. ज्या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात, तिथे मी बायांना निर्णय कसा घ्यावा हे शिकवायला डिसेंबरात आले होते. कारण साधं होतं. निधी डिसेंबरअखेर खर्ची पडला पाहिजे होता आणि अहवाल जानेवारीत जायचा होता. माझ्या तक्त्यातल्या पहिल्या पायरीवर मीच पाय ठेवलेला नव्हता.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात 'स्वयंनिर्णयाचा हक्क' हे तत्त्व आम्ही पाठ केलं होतं. ज्याच्यासाठी काम करायचं त्याच्या वतीनं निर्णय घ्यायचा नाही, त्याला तो घेता येईल अशी परिस्थिती निर्माण करायची. त्यावर मी परीक्षेत चांगलं मोठं उत्तर लिहिलेलं आठवतं. पुढे दहा-बारा वर्षं काम करताना किती वेळा ते तत्त्व बाजूला ठेवलं असेल, याचा हिशेब मात्र कुणी मागितला नाही. त्या दिवशी एका ऊसतोड बाईनं तो मागितला. या अंकाचं संपादकीय लिहायला बसले तेव्हा हाच प्रश्न पुन्हा समोर आला, म्हणून तुमच्यापुढे ठेवते आहे.

ही सरपंचबाई सरपंच कशी झाली ते आधी सांगायला हवं. २०२१ च्या जानेवारीत राज्यभर ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्या वेळी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर काढली गेली. त्यामुळे आधी उमेदवार हेरून ठेवण्याची गावोगावच्या पुढाऱ्यांची नेहमीची सोय राहिली नाही. या गावात नऊ सदस्य. वाड्यावरच्या मंडळींनी अनुसूचित जातीच्या स्त्रीसाठी राखीव असलेल्या प्रभागात हिला उभं केलं होतं, कारण वर्षातले सहा महिने ही गावात नसायची. इतकी सोयीची सदस्य शोधून सापडली नसती. मग सोडत निघाली आणि सरपंचपदही नेमकं त्याच प्रवर्गातल्या स्त्रीसाठी राखीव झालं. पात्र एकटी हीच. वाड्यावर त्या दिवशी काय बोलणं झालं असेल ते तुम्हीच मनात आणा.

पहिले आठ महिने तिनं सह्या केल्या. पूर्वी सरपंच बाईचा शिक्का नवऱ्याच्या खिशात असायचा, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आता वित्त आयोगाच्या पैशाचा व्यवहार संगणकावरून, सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सहीनं होतो. ती सही एका बोटाएवढ्या डोंगलमध्ये असते. हिचं डोंगल ग्रामपंचायतीच्या संगणकचालकाच्या खणात होतं आणि खणाची किल्ली वाड्यावर. म्हणजे तिनं हात उचलायचीही गरज उरली नव्हती, तिची सही तिच्यावाचूनच होत होती. काळ बदलला नाही असं कोण म्हणेल!

आणि तिच्यासाठी यात नवल काहीच नव्हतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं, उचल नवऱ्याच्या हातात. "किती उचल घेतली ते मला फेडताना कळायचं," असं ती एकदा बोलली. पहाटे उठून स्वयंपाक, मग फडात तोडलेला ऊस गोळा करून मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या, आणि व्यवहारात मात्र ती अर्ध्या कोयत्याइतकी. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पिशवी काढायची की नाही हे कुणी ठरवलं, असं तेव्हा बायांना विचारलं असतं तर डॉक्टर, मुकादम, नवरा, सासू, खाडा पडला तर कापला जाणारा दंड, अशी भलीमोठी यादी निघाली असती. स्वतःच्या शरीराबद्दल जिथे इतके वाटेकरी, तिथे गावाबद्दल निर्णय घे असं आपण तिला सांगतो, तेही दोन दिवसांच्या शिबिरात.

कायद्यानं दिलेली जागा थोडी नाही, हे मी मान्य करते. ७३ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून पंचायतींमध्ये एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. पण त्याआधीचा एक इतिहास आपल्या चळवळीत वारंवार सांगितला जातो. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं आणि १९८९ च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, यवतमाळमधलं मेटीखेडा अशा काही गावांत सगळ्या बायांचीच पंचायत निवडून आली. त्या गावांचं कौतुक करताना एक फरक आपण विसरतो. त्या बाया आधी आंदोलनात उतरल्या होत्या, पद नंतर आलं. राखीव जागेवरच्या बाईच्या वाट्याला पद आधी येतं आणि लढण्याची वेळ त्यानंतर, बहुतेकदा एकटीवर. मी यातला एक मार्ग चांगला आणि दुसरा कमअस्सल मानत नाही. पण दुसऱ्या वाटेनं आलेल्या बाईला पहिल्या वाटेच्या बाईसारखं बोलता येत नाही म्हणून आपण तिला 'कळसूत्री बाहुली' म्हणून मोकळ्या होतो, हे मला आता खटकतं.

आमच्याच लातूर जिल्ह्यात दुसऱ्या टोकाला, किल्लारीकडे, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर काय घडलं ते आठवून पाहा. घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. अनुदान किती, हप्ता कधी, भिंत कशी बळकट करायची, हे त्या घरोघर सांगत होत्या. त्यांच्यापैकी अनेक जणी आधी गावच्या चावडीपुढून पदर ओढून जायच्या. त्या वाढल्या त्या हातात काम आलं, पैशाचा प्रश्न आला आणि चुकलं तर जाब द्यावा लागेल अशी वेळ आली म्हणून. व्यक्तिमत्त्वविकासाची पुस्तकं लातूरच्या बसस्थानकावर ढिगानं मिळतात, आणि आमच्या जिल्ह्याला शिकवणीवर्गांची हौसही मोठी. पण निर्णयाची शिकवणी लावता येत नाही, हे आम्हा कार्यकर्त्यांना उशिरा कळतं.

आता सरपंचबाईंकडे परत येते. डिसेंबरात ती गावात होती, याचाच अर्थ त्या हंगामात ती तोडीला गेली नव्हती. तो तिचा पहिला निर्णय. जोडी मोडली, म्हणून पूर्ण कोयत्याची उचल मिळाली नाही. नवरा भावाबरोबर जोडी करून गेला. मागची उचल फिटायची राहिली होती ती तशीच. घरात धुसफूस झाली, सासू दोन महिने बोलली नाही. मी तिला विचारलं, कसं ठरवलंत? मला माझ्या पाच पायऱ्यांपैकी निदान दोन-तीन तरी सापडतील अशी आशा होती. ती म्हणाली, "ठरवलं कुठं? चार रात्री झोप लागली नाही. पाचव्या दिवशी मुकादम आला तर तोंडातून निघून गेलं, मी येत नाही म्हणून. मग म्हटलं, आता निघालंच आहे तर राहूच." नंतर तिनं जे केलं ते या वाक्याशी बांधलेलं होतं. घरची सहा महिन्यांची कमाई सोडून ती बसली होती, मग नुसतं सह्या करत बसायला तिला परवडणार नव्हतं.

डोंगल तिनं मागितलं. भांडण न करता, "भाऊसाहेब, ते माझ्या नावाचं आहे म्हणतात, मला बघायचंय," असं ग्रामसेवकाला म्हणत रोज जाऊन बसायची. (या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण गावात ते भाऊसाहेबच.) तीन आठवड्यांनी ते मिळालं. मग तिनं रोकडवही मागितली. तिला वाचायला येतं पण सावकाश. तिची सातवीतली मुलगी रोज संध्याकाळी दोन पानं वाचून दाखवायची. आम्ही तिला मदतीला कार्यकर्ती पाठवू म्हटलं तर ती म्हणाली, "नको, लोक म्हणतील संस्था वाचते. पोरगी वाचली तर कुणी काय म्हणत नाही."

दुसऱ्या वर्षी, २०२२ मध्ये, ऊसतोड कामगारांच्या नोंदणीचा विषय आला. महामंडळाच्या योजनांसाठी गावपातळीवर नोंद करून ओळखपत्रं द्यायची होती आणि काम भाऊसाहेबांकडे होतं. ते कोयत्यागणिक नवऱ्याचं नाव लिहीत चालले होते. हिनं यादी थांबवली. प्रत्येक बाईचं नाव स्वतंत्र, वय, किती हंगाम गेली ते. त्यासाठी तिनं ग्रामसभेच्या आधीची महिला सभा दसऱ्यापूर्वी घेतली. कायद्यानं वर्षात किमान चार ग्रामसभा आणि त्याआधी महिलांची सभा व्हायला हवी, हे आम्ही शिबिरात सांगतोच. २६ जानेवारीच्या सभेला या गावात बाया नसतात, गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे मूठभर माणसं गावाचं ठरवून मोकळी होतात, हे आमच्या पुस्तिकेत कुठेही नव्हतं. तिला ते ठाऊक होतं, कारण त्या गैरहजर बायांत ती इतकी वर्षं होती.

यानंतरच्या निर्णयावर मात्र आमचं आणि तिचं जुळलं नाही. रोकडवही वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी डोंगराएवढी आहे आणि पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून महिला व बालकल्याणासाठी जो दहा टक्के खर्च करायचा त्याला मुळात पैसाच नाही. तिनं थकबाकीदारांची यादी ग्रामसभेत वाचायचं ठरवलं. यादीत वाडा पहिला होता. तीन सदस्य होते. आणि तिचं स्वतःचं घरही होतं. सभेच्या आदल्या दिवशी तिनं कानातलं गहाण ठेवून आपली थकबाकी भरली, पावती घेतली आणि सभेत यादी वाचताना आपलं नावही, 'भरले' असं म्हणून, वाचलं.

मागणी बिल मिळाल्यावर ठरावीक मुदतीत कर न भरणाऱ्या सदस्याचं पद जाऊ शकतं. आम्ही तिला म्हटलं, तीनही सदस्यांविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. आम्ही अर्जाचा मसुदाही तयार करून नेला होता. तिनं तो घडी घालून पिशवीत ठेवला. "पद घालवून मला काय मिळणार? पैसे भरू द्या ना त्यांना." मी बराच वेळ समजावत राहिले. माझा आवाजही चढला असावा, कारण ती मध्येच शांतपणे म्हणाली, "ताई, मग सही कुठं करू सांगा."

मैत्रिणींनो, हे वाक्य ती आधी वाड्यावरच्या माणसांना म्हणायची. तिनं ते मला टोमणा म्हणून म्हटलं की सवयीनं, ते मी विचारलं नाही. मसुदा परत मागून घेतला आणि शेवटच्या एसटीनं परतले. सरपंचपतीवर आपण लेख लिहितो. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं त्या प्रथेवर २०२३ मध्ये समितीही नेमली. संस्थापती, कार्यकर्तीपती यांच्यावर समिती कोण नेमणार?

तिचा निर्णय बरोबर होता का? मला अजून खात्री नाही. दोन सदस्यांनी पैसे भरले, तिसऱ्यानं नाही. आणि ज्यांना तिनं पदावर राहू दिलं त्यांनीच २०२३ च्या पावसाळ्यात तिच्यावर अविश्वास ठराव आणला. अर्ज केला असता तर कदाचित ती वेळ आली नसती. कदाचित आणखी वाईट वेळ आली असती.

ठरावाची सभा तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली झाली. एरवी दोन तृतीयांश सदस्यांच्या मतांनी सरपंच जातो. नवांत सहा. पण पद स्त्रीसाठी राखीव असेल आणि त्यावर स्त्री असेल तर तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे सात. वाड्यानं सात मोजून ठेवली होती. सातवी होती एक तरुण सदस्य, वाड्याच्या भावकीतलीच सून. तिचा नवरा सभेच्या खोलीबाहेर खिडकीशी उभा होता. सहा हात वर गेले. ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली. तहसीलदारांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही तशीच. ठराव एका मतानं फेटाळला गेला. ही सून आमच्या एकाही शिबिराला आलेली नव्हती. का हात वर केला नाही असं तिला कुणी विचारलं तर ती म्हणते, माझं बोट दुखत होतं.

कायद्यानं त्या दिवशी एका मताची जागा करून दिली, ती भरली मात्र एका बाईनं. दरवेळी असं होतंच असं नाही. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच बाईला अतिक्रमणाच्या तक्रारीवरून अपात्र ठरवलं गेलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिचं पद तिला परत दिलं आणि बाई आपल्यासाठी निर्णय घेणार, आपण तो मानायचा, हेच गावाला पचलं नव्हतं, असं नमूद केलं. दिल्लीपर्यंत जाण्याची ताकद किती जणींकडे असते?

आमच्या सरपंचबाईचा नवरा त्यानंतर आणखी दोन हंगाम तोडीला गेला. कानातलं अजून सुटलेलं नाही. गावात तिच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं आहेत आणि 'बाई फार शहाणी झाली' म्हणणारीही आहेत, त्यांत काही बायाही आहेत. ती आता ग्रामसभेत बसून न बोलता उभी राहून बोलते. माझ्या तक्त्याबद्दल तिचं मत विचाराल तर तो तिनं मागून घेतला होता. मागची बाजू कोरी होती, त्यावर मुलीनं नकाशा काढला.

पुढच्या शिबिराची तारीख या वेळी तिनं आणि तिच्या गावच्या बायांनी कळवली: पोळा झाला की लगेच, टोळ्या जायच्या आत. विषयही त्यांनीच दिला, बाईच्या मजुरीचा करार आणि उचल बाईच्या नावावर. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादमांना बोलवा, असं सांगितलं आहे. यावर आमच्या गटात तीन बैठका झाल्या. बायांच्या शिबिरात मुकादम बसले तर बाया तोंड उघडणार नाहीत, असं आमच्यातल्या काही जणींना वाटतं, आणि मलाही तेच वाटतं. तरीही मुकादमांना निमंत्रण गेलं आहे.

शिबिर जळकोटलाच आहे. आपल्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी आधी कळवावं. मुक्कामाची सोय शाळेत आहे, अंथरूण-पांघरूण आपापलं आणावं.